लेकरासाठी लोकरीचं जाकीट: दोन सुयांवर, पुढून उघडं, चार बटणांचं

विदर्भातली थंडी लहरी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी अंगणवाडीच्या वाटेवर पोरांच्या तोंडातून वाफा निघतात आणि दुपारी बारा-एकला तीच पोरं नुसत्या सदऱ्यावर उन्हात हुंदडत असतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण एरवी त्याच महिन्यात दुपारी तो २७-२८ वर असतोच. अशा हवेत डोक्यातून घालायचा, पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर लेकराला तासाभरात नकोसा होतो. काढायला आई लागते, आई वावरात कापूस वेचायला गेलेली. मग लेकरू घामेजून जातं, किंवा घरातली म्हातारी कंटाळून सकाळीच स्वेटर घालायचा टाळते.

म्हणून दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी आपल्याकडे विणायचंच असेल तर बिनबाह्यांचं, पुढून उघडणारं जाकीट विणावं. छाती आणि पाठ झाकली जाते, हात मोकळे राहतात, बाही वरणात बुडत नाही आणि ऊन चढलं की पोट्टं स्वतःच बटणं काढून मोकळं होतं. पूर्ण बाह्यांचे रंगीत स्वेटर बाजारात ढिगाने मिळतात. हिवाळ्यात शहरोशहरी तिबेटी लोकांची दुकानं लागतात, त्यांची एक वसाहत तर आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. तयार माल घ्यायचा तर तिथे बाह्यांचा घ्या. सुया हातात धरायच्या तर जाकिटासाठी.

ज्यांना सुलट-उलट विणता येतं, टाके घालता आणि बंद करता येतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तेवढं येत असेल तर पुढचं सगळं हिशेबाचं काम आहे.

लोकर कोणती घ्यावी

तालुक्याच्या गावी जनरल स्टोअर्समध्ये किंवा बांगड्यांच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही. ते स्वस्त पडतं, टोचत नाही, घरच्या साबणाने धुता येतं, कसर लागत नाही. पण आपल्याकडची पोरं सकाळी शेकोटीला बसतात, आणि ॲक्रिलिकचा खरा धोका तिथेच आहे. ठिणगी पडली की ते वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. खरी लोकर सहजी पेट घेत नाही, पेटली तरी जळून कोळशासारखी होते, चिकटत नाही. ज्या घरी शेकोटी आणि चूल रोजची आहे तिथे परवडत असेल तर शुद्ध लोकर किंवा निदान मिश्र लोकर घ्यावी. ॲक्रिलिकच घेतलं तर जाकीट अंगावर असताना लेकराला विस्तवापासून हातभर लांब बसवायचं, त्यात सूट नाही.

लोकर खरी की ॲक्रिलिक हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा घरी पाहावं. दोन बोटं लांबीचा धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली तर लोकर. धागा आक्रसून टोकाला टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. दोन्ही खुणा दिसल्या तर मिश्रण.

कुणाला वाटेल, धनगर-कुरमारांच्या मेंढ्यांची लोकर आपल्याच भागात होते, तीच का नको? तिची घोंगडी उत्तम होते, पावसात तिला तोड नाही. पण तिचा केस राठ असतो. लेकराच्या मानेला ती टोचते आणि ते जाकीट काढून फेकतं. आणि कापसाच्या मुलखात राहून सुताचं का विणू नये, तर सुती धाग्याला लोकरीसारखा ताण नसतो. बॉर्डर दोन धुण्यांत ढिली पडते आणि जाकीट स्वतःच्या वजनाने लांबत जातं. फार थंडी नसणाऱ्या दिवसांसाठी सुती ठीक, पण खालचे आकडे लोकरीचे आहेत.

वीस इंच छातीच्या मुलाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लोकर लागते. दीडशे घ्या. सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत ना, हे वेष्टनावरच्या नंबरावरून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन लॉट सारखेच दिसतात आणि अंगणात उन्हात धरले की पाठ एका रंगाची, पुढचा भाग दुसऱ्या रंगाचा दिसतो. उरलेली लोकर वाया जात नाही, पुढच्या वर्षी तिचं काम पडतं. ते शेवटी सांगते. लोकर लच्छीत असेल तर आधी गुंडा करून घ्या आणि गुंडा सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर विणताना ताणलेलीच राहते आणि पहिल्या धुण्यात आक्रसते.

सुया ९ नंबरच्या एक जोडी आणि ११ नंबरच्या एक जोडी, दोन्ही लांब, चौदा इंची. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या नंबरांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ९ नंबर म्हणजे पावणेचार मिलिमीटर, ११ नंबर म्हणजे तीन मिलिमीटर. सायकलच्या स्पोकवर विणायला शिकलेल्या बायका गावोगाव आहेत आणि त्यांचा हात भल्याभल्यांना लाजवतो. पण स्पोक दोनच मिलिमीटर जाड असतो, म्हणजे १४ नंबर. या जाकिटाला तो चालणार नाही. याशिवाय चार लहान बटणं (अर्धा इंच किंवा त्याहून किंचित कमी), मोठ्या नेढ्याची बोथट सुई, टेप आणि दोन-तीन मोठ्या सेफ्टी पिना जवळ ठेवा.

माप: वय विचारू नका

‘तीन वर्षांचा आहे’ हे माप नव्हे. एकाच अंगणवाडीतल्या दोन तीन वर्षांच्या मुलांच्या छातीत दोन इंचांचा फरक सहज असतो. टेप काखेखालून छातीभोवती फिरवा, सदरा अंगात असू द्या, कारण जाकीट सदऱ्यावरच घालायचं आहे. लेकरू हलत असेल तर त्याला व्यवस्थित बसणारा सदरा जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि त्यातून सदऱ्याचा सैलपणा, साधारण तीन इंच, वजा करा. दुसरं माप खांद्याच्या वरच्या टोकापासून कमरेखाली दोन बोटांपर्यंतची उंची.

खालचा हिशेब छाती वीस इंच, उंची तेरा इंच असा धरला आहे. तयार जाकीट बटणं लावल्यावर पावणेतेवीस इंचांच्या आसपास भरतं, म्हणजे पावणेतीन इंच सैल.

घरातून आवाज येईलच, “थोडं वाढत्या आंगाचं करजो वं माय, पुढच्या साली बी कामी येईन.” ऐकायचं, पण अर्धंच. उंची दीड इंच वाढवली तर बिघडत नाही, दोन पावसाळ्यांत मूल उंच होतं, घेर त्या मानाने कमी वाढतो. घेर मात्र वाढवू नका. सैल जाकिटाच्या मुंढ्यातून, म्हणजे हात बाहेर काढायच्या जागेतून, गार वारा थेट काखेत शिरतो आणि लोकर अंगाला लागून राहिली नाही तर ऊब देत नाही.

नमुन्याचा चौकोन

ही पायरी बहुतेक जणी टाळतात. जाकीट बसतं की फसतं, हे मात्र इथेच ठरतं.

९ नंबरच्या सुईवर ३० टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं ४० ओळी विणा आणि बंद करा. चौकोन ओला करून हलका पिळा, टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळू द्या. मग मधोमध टेप ठेवून चार इंचांत किती टाके येतात ते मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी फसवतात. आपल्याला चार इंचांत २४ टाके आणि ३२ ओळी हव्यात, म्हणजे इंचाला ६ टाके, ८ ओळी.

समजा तुमचा हात घट्ट आहे आणि इंचाला ७ टाके आले. इंचाला एक टाका म्हणजे फार नव्हे असं वाटतं. पण तेच टाके घालून विणलं तर पावणेतेवीस इंचांचं जाकीट साडेएकोणीस इंचांचं होतं आणि वीस इंच छातीवर बटण लागत नाही. टाके जास्त येत असतील तर ८ नंबरची जाड सुई घ्या, कमी येत असतील तर १० नंबरची. नुसता हात सैल ठेवून बघू नका. चार ओळी तो सैल राहतो, मग गप्पांच्या नादात मूळ सवयीवर येतो. टाके जुळले आणि ओळी एखाद-दुसरी इकडे-तिकडे झाली तर चालेल.

पाठ

११ नंबरच्या सुईवर ७० टाके घाला. लांब शेपूट सोडून टाके घालत असाल तर मीटरभर शेपूट आणि वर आणखी वीतभर धागा ठेवा, त्यानेच पुढे बगलेची शिलाई करता येते. घातलेले टाके सैल हवेत. हात घट्ट असेल तर टाके ९ नंबरवर घालून पहिली ओळ ११ वर विणा.

१ सुलट, १ उलट अशी बॉर्डर १२ ओळी. मग ९ नंबरची सुई घ्या आणि सुलट बाजूने सगळे सुलट, उलट बाजूने सगळे उलट असं ४८ ओळी विणा. उंची वाढवायची असेल तर ती इथेच, ८ ओळींना एक इंच या हिशेबाने. वाढ सम ओळींत करा, म्हणजे मुंढा नेहमी सुलट बाजूलाच सुरू होईल. दर दहाव्या ओळीला कडेला वेगळ्या रंगाच्या धाग्याची गाठ मारा. टेपने मोजलेली पाठ आणि टेपने मोजलेला पुढचा भाग कधीच बरोबर जुळत नाहीत, कारण टेप कधी ताणून धरला जातो, कधी नाही. ओळी मोजल्या तर बगलेची शिलाई आपसूक जुळते.

ओळीचा पहिला टाका न विणता सरकवायची सवय पुष्कळ जणींना असते. या जाकिटात ती बाजूला ठेवा. कडेने पट्टीसाठी टाके उचलायचे आहेत आणि सरकवलेल्या टाक्यांच्या कडेला मोठी भोकं पडतात.

लोकर संपली की नवा गुंडा ओळीच्या कडेलाच जोडा, मध्ये कधीही नाही. पाठीच्या मधल्या गाठीवर लेकरू झोपतं आणि ती रुतते.

आता मुंढा. सुलट बाजू समोर, पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ५ टाके बंद करा, ओळ पूर्ण करा. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाही ५ बंद करा. ६० टाके उरले. तिसऱ्या ओळीपासून प्रत्येक सुलट बाजूच्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करायचा, असं ६ वेळा. सुरुवातीला १ टाका विणा, पुढचा न विणता उजव्या सुईवर घ्या, त्याच्या पुढचा विणा आणि न विणलेला टाका त्याच्यावरून उडवून टाका. शेवटी ३ टाके उरले की दोन एकत्र विणा, शेवटचा साधा. अशाने दोन्ही कडा समोरासमोर कलतात आणि मुंढ्याला नीट गोलाई येते. उलट बाजूच्या ओळी साध्या.

१४ ओळी झाल्या तेव्हा सुईवर ४८ टाके असतील. मोजा. नसतील तर आत्ताच उसवा, पुढे जाऊन बघू म्हणू नका. इथून सरळ विणत मुंढ्याच्या सुरुवातीपासून ४२ ओळी पूर्ण करा.

खांद्यासाठी पुढच्या चार ओळींच्या सुरुवातीला ५-५ टाके बंद करा. मधले २८ टाके गळ्याचे. ते बंद न करता सेफ्टी पिनेवर किंवा दुसऱ्या रंगाच्या धाग्यावर ओवून ठेवा.

पुढचे दोन भाग

डावा भाग म्हणजे अंगावर घातल्यावर जो डाव्या हाताला येतो तो. हा गोंधळ आधीच मिटवून घ्या, कागदावर जाकिटाचं चित्र काढून ‘डावा’, ‘उजवा’ लिहा.

दोन्ही भागांना ११ नंबरवर ३४ टाके, १२ ओळी बॉर्डर, ९ नंबरवर ४८ ओळी. पाठीच्या ओळी वाढवल्या असतील तर इथेही तितक्याच वाढवा.

डाव्या भागाचा मुंढा सुलट बाजूच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ५ बंद करा, २९ राहतील. दुसरी ओळ उलट. तिसऱ्या ओळीपासून मुंढा आणि गळा दोन्ही एकदम कमी व्हायला लागतात. सुलट बाजूच्या प्रत्येक ओळीत सुरुवातीला एक टाका (मुंढा) आणि शेवटी एक टाका (गळा) कमी, असं ६ वेळा. चौदाव्या ओळीनंतर १७ टाके असतील. आता मुंढ्याची बाजू सरळ ठेवा आणि गळ्याच्या बाजूला दर चौथ्या ओळीत एक टाका कमी करा, ७ वेळा. म्हणजे १७, २१, २५, २९, ३३, ३७ आणि ४१ व्या ओळीत. बेचाळीस ओळी झाल्या की १० टाके उरतील. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे मुंढ्याकडून, ५ बंद करा, एक ओळ उलट विणा, उरलेले ५ बंद करा.

उजवा भाग आरशातल्यासारखा उलटा. पहिली ओळ पूर्ण सुलट विणा आणि दुसऱ्या, उलट बाजूच्या ओळीच्या सुरुवातीला ५ टाके बंद करा. तिसऱ्या ओळीपासून गळा सुरुवातीला आणि मुंढा शेवटी. ओळींचे आकडे तेच. खांदा मात्र उलट बाजूच्या ओळीतून सुरू होईल, म्हणून ४२ नंतर एक सुलट ओळ जास्त विणावी लागते. ती एक ओळ जोडणीत दिसत नाही.

काही जणी दोन्ही पुढचे भाग एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, शेजारी शेजारी विणतात. ३४ आणि ३४ टाके चौदा इंची सुईवर आरामात मावतात. गुंडे एकमेकांत गुंततात हे खरं, पण ओळी कधीच कमी-जास्त होत नाहीत. एकाच प्रकारचं काम पुन्हा करायचा ज्यांना कंटाळा येतो आणि दुसरा भाग महिनाभर तसाच पडून राहतो, त्यांनी ही पद्धत घ्यावीच.

जोडणी आणि पट्ट्या

शिलाईआधी तिन्ही तुकडे ओले करा, खाटेवर चादर टाकून मापाप्रमाणे हाताने सारखे पसरा आणि सावलीत वाळू द्या. कडा गुंडाळलेल्या असतात त्या यामुळे सपाट होतात आणि टाके उचलणं सोपं जातं. इस्त्री नको. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की त्याचा जीव जातो, ते लोळागोळा होतं आणि बॉर्डरचा ताण कायमचा संपतो.

आधी फक्त दोन्ही खांदे जोडा. बगला अजून शिवायच्या नाहीत.

पुढची पट्टी एकसंध करायला गळ्याभोवती फिरणारी लांब गोल सुई लागते. ती गावाकडे सहसा मिळत नाही. म्हणून पट्टी दोन अर्ध्यांत विणायची आणि मानेच्या मागे मधोमध जोडायची. ती शिलाई सदऱ्याच्या कॉलरखाली झाकली जाते.

उजव्या पट्टीसाठी सुलट बाजू समोर धरा, ११ नंबरची सुई घ्या आणि उजव्या भागाच्या तळापासून वर टाके उचलत जा. दर चार ओळींना तीन टाके: तीन ओळींतून एकेक उचला, चौथी सोडा. तळापासून गळा कलायला लागतो तिथपर्यंत ४५ टाके, तिथून खांद्यापर्यंत ३४ आणि पिनेवरच्या २८ पैकी १४ सरळ विणून घ्या. एकूण ९३. सगळे टाके उचलून झाल्यावर कड हातात धरून पाहा. ती लाटा मारत असेल तर टाके जास्त झाले, आत ओढत असेल तर कमी. तळापासूनचा भाग तपासताना त्याची उंची पाठीच्या शेजारी धरून बघा, लांब दिसता कामा नये.

१ सुलट १ उलट असं ७ ओळी विणा, पहिली ओळ उलट बाजूची. काज चौथ्या ओळीत येते. मुलींना उजवीकडे काज, मुलांना डावीकडे, असा रिवाज आहे. पाठच्या भावंडाला हेच जाकीट जाणार असेल तर रिवाजाकडे कोण बघतं. काज उजवीकडे करायची तर चौथ्या ओळीत तळाकडून ३ टाके विणा, मग धागा पुढे घेऊन दोन टाके एकत्र विणा. हे झालं एक काज. पुढे ११ टाके, काज, ११ टाके, काज, ११ टाके, काज. चार काजा झाल्या आणि शेवटची नेमकी गळा सुरू होतो तिथे आली. उरलेली ओळ पूर्ण करा. पाचव्या ओळीत धागा पुढे घेतल्याने पडलेला वेढा साध्या टाक्यासारखाच विणायचा, बॉर्डरच्या सुलट-उलट क्रमात जसा येईल तसा. सातव्या ओळीनंतर टाके बॉर्डरच्याच क्रमाने, सैल हाताने बंद करा.

डाव्या पट्टीचे टाके मानेच्या मधून सुरू करून खाली तळापर्यंत उचलायचे, आकडे तेच. काज डावीकडे हवी असेल तर चौथ्या ओळीत आधी मानेकडून ४८ टाके साधे, मग १ टाका, काज, ११, काज, ११, काज, ११, काज आणि शेवटी ३.

काज आधी लहानच वाटते. बटण घेऊन दुकानातून येण्याऐवजी ही पट्टी घेऊन दुकानात जा आणि बटण घालून पाहा. दोन वेळा ओढल्यावर सहज जाईल तेच बटण घ्या, कारण लोकरीची काज वापराने मोठी होते.

मुंढ्याच्या पट्टीसाठी, बगल उघडी असतानाच, मुंढ्याच्या एका तळापासून खांद्यावरून दुसऱ्या तळापर्यंत ११ नंबरवर ७४ टाके उचला: बंद केलेल्या ५ वर ५, चढत्या कडेला ३२, उतरत्या कडेला ३२, पुन्हा ५. पाच ओळी १ सुलट १ उलट, मग सैल बंद. इथे घट्ट बंद केलं की सगळी मेहनत वाया, लेकराच्या दंडावर वळ उठतो.

आता बगला. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू वर, कडा शेजारी शेजारी. कडेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मध्ये जे आडवे धागे दिसतात, त्यातला एक या बाजूचा, एक त्या बाजूचा असा सुईत घेत वर जा. चार-पाच झाले की धागा हलका ओढा, शिलाई आत नाहीशी होते. ओळी मोजून विणल्या असतील तर मुंढ्याची पट्टी पट्टीला बरोबर येऊन भिडेल.

राहिलेली टोकं आतल्या बाजूने शिलाईतच तिरकी ओवून घ्या. आत लांब लोंबता धागा ठेवू नका, लहान बोटं त्यात अडकतात. बटणं लोकरीने न लावता जाड शिवणदोऱ्याने, मागे कापडाची छोटी टिकली ठेवून लावा आणि दर धुण्याला ओढून पाहा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटं बटण आलं की ते तोंडातच जातं. गळ्याला गोंडे, नाडी काही नको.

मोठ्या मुलासाठी

छाती बावीस इंच असेल तर पाठीला ७६ टाके आणि पुढच्या भागांना ३७-३७. सरळ भाग ५४ ओळी. मुंढा तसाच, ५ बंद आणि ६ वेळा कमी, पण मुंढ्याच्या सुरुवातीपासून एकूण ४४ ओळी. गळा आधी प्रत्येक सुलट ओळीत ७ वेळा, मग दर चौथ्या ओळीत ७ वेळा कमी होईल, म्हणजे सातव्या वेळी मुंढ्याकडे काही करायचं नाही. खांद्याला १२ टाके उरतात, ते ६-६ करून बंद करा. पाठीच्या गळ्याला ३० राहतात. पट्टीचे टाके चारास तीन याच हिशेबाने उचला, फक्त एकूण आकडा विषम ठेवा आणि काजांमधलं अंतर त्याप्रमाणे वाटून घ्या.

धुणं आणि पुढच्या हिवाळ्याची सोय

खरी लोकर कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात बुडवून नुसती दाबायची. चोळली किंवा गरम पाणी वापरलं की केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात, लोकर जमते आणि जाकीट बाहुलीच्या मापाचं होतं. ते परत सुटत नाही. लोकर असो की ॲक्रिलिक, दोरीवर टांगू नका, खांदे लांबतात. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि खाटेवर पसरून सावलीत वाळवा.

होळीनंतर ठेवताना धुऊनच ठेवा. कसर मळक्या लोकरीलाच आधी लागते, घामाचा आणि सांडलेल्या दुधाचा डाग तिला आवडतो. पेटीत वाळलेला निंबाचा पाला घाला आणि पावसाळ्यात एखाद्या उघाडीच्या दिवशी जाकीट काढून ऊन दाखवा. डांबरगोळ्या वापरल्या तर पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

उरलेली लोकर त्याच पेटीत, जाकिटासोबतच ठेवायची. पुढच्या वर्षी जाकीट आखूड पडलं तर बगलेची शिलाई तळाकडून तीन इंच उसवा आणि पुढच्या पट्ट्यांची खालची टोकंही तेवढी सोडवा. बॉर्डरच्या वरच्या पहिल्या साध्या ओळीतला एक टाका कापून ती ओळ काढून घ्या. बॉर्डर सुटी होईल आणि पाठीला ७० टाके उघडे पडतील. ते ९ नंबरच्या सुईवर घ्या आणि खालच्या दिशेने हवे तेवढे इंच विणून ११ नंबरवर नवी बॉर्डर घाला. पुढच्या दोन्ही भागांना तसंच. साध्या विणीत वरून खाली विणलेलं आणि खालून वर विणलेलं यातला फरक दिसत नाही. जोडाचा रंग मात्र किंचित उजळ दिसतो, दोन-तीन धुण्यांत तो मिळून येतो. मग पट्टीच्या वाढलेल्या भागाला कडेने टाके उचलून सात ओळी विणा, जुन्या पट्टीच्या टोकाला शिवा आणि पाचवं बटण लावा.